दोन ठोक्यांच्या मधे

बाबा आमच्या मुलुंडच्या सोसायटीचे कायमचे सेक्रेटरी. कुणाच्या नळाला पाणी आलं नाही की भरल्या ताटावरून उठून पंपाकडे धावणार. मी आणि आई ओरडून दमलो, पण आमचं ऐकतंय कोण!

मग छातीत धडधडायला लागलं, म्हणून मी त्यांना टू-डी इकोला नेलं. पडद्यावर हृदयाच्या झडपा उघडत-मिटत होत्या. डॉक्टर म्हणाल्या, "रक्त पुढे गेलं की झडप बंद होते, म्हणजे ते मागे येत नाही."

बाबा झोपल्या झोपल्याच खूश. "अहो, हा तर आमच्या पंपाचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह! लीक नाही ना?"

"नाही काका, सगळं झकास आहे."

"पण हा पंप बंदच होत नाही, तर आराम कधी करतो?"

"दोन ठोक्यांच्या मधे. तेव्हा तो सैल पडतो, म्हणून तर त्यात रक्त भरतं."

बाबा घरी येईपर्यंत मनगटावर बोट ठेवून ठोके मोजत होते.

दुपारी आम्ही जेवायला बसलो आणि बेल वाजली. दारात वरच्या मजल्यावरच्या काकू. "पाणी नाहीये हो!"

मी चिडून काही बोलणार, तेवढ्यात बाबांनी बसल्या जागेवरून मला आवाज दिला, "त्यांना सांग गं, मी दोन ठोक्यांच्या मधे आहे. आणि मला अजून भात वाढ."