कोल्ह्यासाठी चिखलात

ताडोब्याला दोन सफारी करूनही माझ्या कॅमेऱ्यात वाघाची नुसती शेपटी आली. तेव्हा नवरा म्हणाला, "एवढं लांब कशाला जायचं? आपल्या खाडीत कोल्हे आहेत की." मग दर रविवारी सकाळी आम्ही वाशीहून रिक्षाने खाडीच्या बांधावर जायला लागलो. तो दुर्बीण घेऊन शोधायचा, फोटो मी काढायचे.

त्या दिवशी ओहोटी होती. तिवरांच्या मुळांशी एक कोल्हा चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, उकरत होता. मध्ये फांद्या येत होत्या म्हणून मी बांध उतरले. "पाचच पावलं," मी नवऱ्याला सांगितलं. किती गेले ते कळलं नाही, डोळा कॅमेऱ्याला होता. कोल्ह्याने मान वर करून सरळ माझ्याकडे पाहिलं. मी चार-पाच फोटो घेतले. तो आत गेला, आणि मी वळायला गेले तर पाय उचलेना.

डावा पाय पोटरीपर्यंत रुतला होता. तो काढायला उजव्यावर जोर दिला, तर उजवा मांडीपर्यंत गेला. नवरा खाली यायला लागला.

"येऊ नकोस, तूही अडकशील."

तो थांबला. अग्निशमन दलाला फोन लावला. "निघतायत म्हणे," तो ओरडला. तेवढ्यात समोरच्या ओहोळातून फेसाचं पाणी आत सरकताना दिसलं. भरती लागली होती. घराची चावी माझ्या खिशात आहे, ती आधी नवऱ्याकडे फेकायला हवी, एवढंच मला सुचत होतं.

बांधावरून गावातली एक बाई चिंबोऱ्यांची टोपली घेऊन चालली होती. नवऱ्याने तिला हाक मारली. ती मुळांवर पाय देत जवळ आली.

"बाय, उभी नको ऱ्हाऊ. पोटावर झोप."

"पाणी येतंय."

"म्हनून तं सांगते."

मी कॅमेरा पाठीवर टाकला, बॅग छातीखाली घेतली आणि आडवी झाले. तिने टोपलीची दोरी सोडून माझ्याकडे फेकली. डावा पाय बूट सोडून निघाला. उजवा निघेना. पाणी कोपरापर्यंत आलं आणि मला रडू फुटलं.

"मंग रड. आधी पाय काढ. हलू हलू."

किती वेळ गेला, सांगता येणार नाही. पाय सुटला तेव्हा पाणी हनुवटीला लागत होतं. बांधावर तिने मला बसवलं, पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, "फोटू भेटला का?" मी मान डोलावली.

नवऱ्याने अग्निशमन दलाला फोन करून मी सुटल्याचं कळवलं. परतताना रिक्षावाल्याने सीटवर गोणपाट टाकलं. सिग्नलला नवरा म्हणाला, "मी उतरलोच नाही."

"मीच नको म्हटलं होतं."

"तू म्हणालीस म्हणून नाही थांबलो. मला भीती वाटली."

मी चिखलाचा हात त्याच्या हातावर ठेवला.