शेठचं मढं

लढाईमुळे कापड मिळत नव्हतं, त्या दिवसांतली गोष्ट. मुरबाडच्या धुळवडीची सोंगं जमवायचं काम माझ्याकडे होतं. दरवर्षी गावच्या जमीनदार शेठचं खोटं मढं मिरवायची चाल होती. त्या वर्षी मढं व्हायला किन्हवलीकडचा एक माणूस आपणहून आला. नाव मी विचारलं नाही. तो शेठचंच शेत कसायचा. शेठ चिडला तर शेत जाणार, हे त्याला ठाऊक होतं. तरी पोटावर उशी बांधून आणि फाटकी घोंगडी पांघरून तो तिरडीवर ऐटीत आडवा झाला. मेल्यावरही मिशीला पीळ देत होता.

बाजारात खुद्द शेठनं तिरडी अडवली. ढोल थांबले.

"माझं मढं, आणि घोंगडीत?" असं म्हणून शेठनं अंगावरची काश्मिरी शाल त्याच्यावर टाकली. मेल्यावर सगळे सारखे म्हणतात. शेठला ते सोंगातही मंजूर नव्हतं.

मिरवणूक संपल्यावर शेठनं शाल परत मागितली. मढं उठून बसलं.

"मढ्यावरचं कापड घरात न्यायचं व्हय, शेठ? न्या बापडे, आमचं काय नाय."

सगळा बाजार बघत होता. शेठनं पुढे केलेला हात मागे घेतला.

पुढच्या थंडीत तो ती शाल पांघरून शेठच्याच शेतात भात राखत बसला होता. शेठ बांधापर्यंत आला आणि तिथूनच परत फिरला.