सुरुंग काढणारं आमचं लाकडी जहाज

मी दोंडाईचाजवळच्या एका खेड्यातला. आमच्याकडे पाणी म्हणजे विहिरीचं, फार तर तापीचं. असं असताना मी नौदलात कसा गेलो, हे मला अजूनही नीट सांगता येत नाही. धुळ्याला भरती आहे असं कळलं, म्हणून गावातल्या मित्राच्या सोबतीनं गेलो. मित्र छातीच्या मापात राहून गेला आणि मला घेतलं. घरी सांगितलं तेव्हा वडील बैलांना पाणी पाजत होते.

"समुद्र कोठे शे?" एवढंच त्यांनी विचारलं.

मी हात करून दाखवला. तो बरोबर दिशेला गेला की नाही, देव जाणे.

शिक्षण संपल्यावर जे जहाज वाट्याला आलं, ते पाहून मी जरा हिरमुसलो. माझ्या डोळ्यांसमोर मोठ्या तोफांचं उंच जहाज होतं. हे बुटकं, राखाडी आणि चक्क लाकडी होतं. त्याचं काम समुद्रातले सुरुंग काढायचं. काही सुरुंग लोखंड जवळ आलं की फुटतात, म्हणून त्याचं अंग लाकडाचं ठेवलेलं. खाली पडायच्या जागेत आडवा झालो की फळ्या कुरकुरायच्या, आणि डोळा लागता लागता मला वाटायचं, आपण कापसानं भरलेल्या गाडीवर पडलोय, बैल आपले आपण चाललेत, गाव अजून लांब आहे. असं झोपेत जाणं मला पुढे कुठेच मिळालं नाही.

काम सांगायला सोपं होतं. जहाजाच्या मागून एक लांब तार पाण्यात सोडायची. तिला टोकाला तरंगता पिंप, मध्ये मध्ये दातेरी कात्र्या. सुरुंग तळाशी साखळीनं बांधलेला असतो. तार त्या साखळीला अडली की कात्री साखळी तोडते आणि सुरुंग वर येतो. मग लांबून बंदुकीनं त्याला फोडायचं किंवा बुडवायचं. शेतात तास मारत जावं तसं जहाज एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचं, वळायचं, आणि शेजारच्या पट्ट्यातून परत यायचं.

एकाहत्तरच्या लढाईत आमचं खरं काम लढाई थांबल्यावर सुरू झालं. पूर्वेकडच्या एका बंदराच्या तोंडाशी सुरुंग होते आणि आत धान्य पोचवायचं होतं. थंडीचे दिवस. तिथलं पाणी निळं नव्हतं, नद्यांच्या गाळानं तापीच्या पुरासारखं गढूळ होतं. सकाळी धुकं इतकं दाट, की पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळेना. त्या पांढऱ्या धुक्यात आम्ही हळूहळू जायचो आणि हळूहळू परत यायचो. कुठे पोचायचं नसायचंच. कोणी मोठ्यानं बोलत नसे. तसं सांगितलेलं नव्हतं, पण आवाज आपोआप खाली यायचे.

माझी जागा जहाजाच्या मागच्या बाजूला, तार गुंडाळायच्या विंचपाशी. शेजारी कोकणातला एक मुलगा असायचा, माझ्याच वयाचा. त्याला समुद्र माहीत होता, मला नव्हता. तो पाण्याकडे बघून सांगायचा, आता वारा फिरेल. मी मान डोलवायचो.

एका सकाळी आम्ही तार आत ओढत होतो. विंच नेहमीसारखा फिरत होता. कोकणातल्या माझ्या सोबत्यानं नुसता हात वर केला. तार जिथून पाण्याबाहेर येत होती, तिथे पाण्याखाली काहीतरी काळं, गोल होतं. सुरुंगाची साखळी तुटली नव्हती, ती तारेतच अडकली होती. आम्ही स्वतःच्या हातांनी त्याला जहाजाकडे ओढत होतो.

अधिकारी मागे आले. त्यांनी एकदा पाहिलं आणि अगदी घरात बोलावं तसं म्हणाले, "विंच बंद करा. कोणी धावायचं नाही."

विंच थांबला. पुढे यंत्राचीही गती पार कमी केली. सुरुंग आता स्पष्ट दिसत होता. त्याच्या अंगावर हिरवट शेवाळ धरलं होतं आणि लाट आली की तो थोडा वर यायचा, पुन्हा खाली जायचा. तुम्हांला खोटं वाटेल, पण त्या वेळी मला भीती आठवत नाही. मला आमच्या गावची दुपार दिसत होती. निंबाची सावली, ओट्यावर वाळत घातलेल्या मिरच्या, आई पाठमोरी. सगळं असं जवळ, की हात लावावा.

"तार तोडायची," अधिकारी म्हणाले. "तू धर, तो मारेल."

मी तारेवर छिन्नी धरली. ती पितळेसारख्या धातूची होती, लोखंडाची नव्हे. माझ्या सोबत्यानं हातोडा मारला. तार जाड होती, एका घावात तुटणारी नव्हती. तो मारत राहिला. माझे हात हलत नव्हते, ते कोणा दुसऱ्याचेच असावेत तसे मी त्यांच्याकडे बघत होतो. शेवटी तार सुटली, सळसळत पाण्यात गेली आणि तो काळा गोल खाली दिसेनासा झाला. जहाज पुढे सरकलं. त्या जागेवर आम्ही खुणेचा पिंप सोडला. दुपारी दुसरी तार घेऊन पुन्हा तिथूनच गेलो. या वेळी साखळी तुटली, सुरुंग वर आला आणि लांबून गोळी घालून फोडला. पाण्याचा खांब उभा राहिला, आवाज मागून आला. मला भीती वाटली ती तेव्हा. सोबत्यानं मला खाली बसवलं आणि स्वतःही बसला.

काही दिवसांनी त्या वाटेनं धान्याचं पहिलं जहाज आत गेलं. आम्ही बाजूला थांबून बघत होतो. त्यावरच्या लोकांनी आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बिनघोर चालले होते. मला ते बरं वाटलं. त्या दिवशी आमच्या स्वयंपाक्यानं शिरा केला.

पुढे लाकडी जहाजानं गस्ती घातल्या, नव्या पोरांना शिकवलं, आणि ते जुनं होत गेलं. माझी मुदत संपली तसा मी परतलो, लग्न झालं, वरणगावला पहारेकऱ्याची नोकरी मिळाली. बऱ्याच वर्षांनी कोकणातून त्या सोबत्याचा फोन आला. "आपली बोट भंगारात मोडली रे," तो म्हणाला. "आता नाही ती."

बायकोनं समुद्र कधी पाहिला नाही. मुंबईला चल म्हटलं की तिचे गुडघे आड येतात. म्हणून या हिवाळ्यात मी तिला हतनूर धरणाच्या फुगवट्यावर नेलं. एका मासेमारानं आम्हांला होडीत घेतलं. ऊन कोवळं होतं, पाणी काचेसारखं पसरलेलं, आणि दूरदेशीचे पक्षी त्यावर स्वस्थ बसलेले.

ती बराच वेळ पाण्याकडे बघत होती. मग म्हणाली, "बठ्ठं पाणी सारखंच शे. मंग तुमले कसं समजे, सुरुंग कोठे शे?"

"समजत नसे," मी म्हणालो. "म्हणून तर सगळ्या पाण्यावरून जावं लागे."

"आन् भ्याव?"

"भीती नंतर आली."

तिनं पाण्यात बोटं सोडली. होडी इतकी हळू चालली होती, की चालली आहे हे काठाकडे पाहिल्यावरच कळायचं. थोड्या वेळानं तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. ती झोपली होती. काठ जवळ आला तसा मी तिला उठवायला हात उचलला.

"राहू द्या आबा," मासेमार म्हणाला, "झोपू द्या त्यांना."

त्यानं होडी वळवली आणि आम्ही पुन्हा मोकळ्या पाण्यात गेलो.