पुढच्या भिंतीतलं भोक

माझी आत्या तोंडाची फटकळ होती आणि मला तिचं तेच आवडायचं. जहाजं बांधायच्या कारखान्यात ती वेल्डर म्हणून लागली आणि पुढे वीस वर्षं सांधे तपासत राहिली. जहाजाचं पोट पोलादी भिंतींनी कप्प्याकप्प्यांत विभागलेलं असतं. एका कप्प्यात पाणी शिरलं तरी बाकीचे जहाज तरतं ठेवतात. भिंतीच्या सांध्याला आत्या एका बाजूनं चुना लावायची, दुसऱ्या बाजूनं रॉकेल. रॉकेल झिरपून चुन्यावर डाग उमटला की वेल्डरचं काही खरं नसायचं.

त्या प्रवासी बोटीच्या भिंती मंगळवारी पास झाल्या. गुरुवारी सकाळी विजेच्या तारा न्यायला कुणीतरी पुढच्या भिंतीत, वरच्या अंगाला, मनगट जाईल एवढं भोक पाडलं. मी तिथंच नकाशांच्या खोलीत कामाला होते. दुपारी शेवटच्या सहीचा कागद माझ्या हातात देऊन साहेब मला बोटीत आत्याकडे घेऊन गेले.

"सही करा, बाई. भिंत पास झालीय."

"मंगळवारी भिंत होती. आता खिडकी आहे."

"अहो, भोक किती वर आहे! पाणी तिथवर पोचतंय कशाला?"

"पुढचा कप्पा भरला की बोटीचं नाक खाली जाणार, साहेब. मग हेच भोक पाण्याखाली. त्यातून दुसरा कप्पा भरणार, की बोट आणखी वाकणार. आणि माणसं वर चहा पीत बसलेली असणार."

साहेब लालबुंद झाले. "बोट उद्याच पाण्यात उतरणार. सही करा, नाहीतर घरी जा. पेन्शनला चारच महिने राहिलेत, विचार करा."

आतोबा अंथरुणाला खिळलेले, घर आत्याच्याच जिवावर. मी डोळ्यांनीच तिला विनवलं, 'कर सही.' त्याची मला आजही लाज वाटते.

तिनं कागद घेतला, त्याला चुन्याची बोटं पुसली आणि मला परत दिला.

"कामावरून काढलं तुम्हाला! आत्ताच्या आत्ता!"

"बरं," आत्या म्हणाली. तिनं पोलादाचा एक तुकडा उचलून भोकावर धरून पाहिला. शेजारच्या वेल्डरनं आपला मास्क आणि वेल्डिंगचा होल्डर पुढे केला.

"अहो, थांबा म्हणतो ना!"

"काढलंत ना मला? मग आता हुकूम कुणाला सोडताय?"

ठिणग्या उडाल्या, तसे साहेब चार पावलं मागे सरले.