तळ्यांच्या जागी टाळ्या

माझे मामा पालिकेचे पेंटर. अठ्ठावीस वर्षं त्यांनी राजधानीच्या पाट्या रंगवल्या: दवाखाने, बागा, 'येथे थुंकू नये'. फक्त खाली सही करायची मनाई होती. बाहेरचे पेंटर कोपऱ्यात झोकात नाव टाकायचे आणि मामा आतल्या आत जळायचे. "पत्रिकेत नाव नसलेल्या नवरदेवासारखं वाटतं," असं म्हणायचे.

निवृत्तीला महिना राहिला तेव्हा मोठे साहेब विरघळले. वेशीवर नवी पाटी लागणार होती: वर शहराचं टोपणनाव, खाली शहराचं चिन्ह, म्हणजे एका पायावर उभा बगळा. "पेंटर, या वेळी बगळ्याखाली तुमची सही टाका," साहेब म्हणाले. मामीने ही बातमी तासाभरात दोन गल्ल्यांत पोचवली.

टोपणनाव होतं 'तळ्यांचे शहर'. एके काळी सात तळी होती. एकावर विधानभवन झालं, एकावर सचिवालय, एकावर बसस्थानक. बाकीच्यांचीही अशीच सोय लागली. उरला तो चिन्हातला बगळा. मजकूर सांगायला हेडक्लार्क आले. त्यांची कवळी नवी, मामांचा कान जुना, आणि आवारात उद्घाटनाच्या टाळ्यांची तालीम चाललेली. मामांनी जीव ओतून लिहिलं, 'टाळ्यांचे शहर'. खाली नाजूक वळणाची सही.

पडदा सरकला आणि साहेबांची दातखीळ बसली. पाहुणे म्हणून आलेले मंत्री मात्र दोनदा वाचून खूश झाले. "इतकी वर्षं इथे भाषणं करतोय, इतकं चपखल नाव कोणाला सुचलं?" मग टाळ्या पडल्या, अगदी तालमीप्रमाणे. विरोधकांनाही नाव पटलं. चार वाजताच इथल्या कचेऱ्यांना टाळी लागतात, असं ते म्हणाले.

आठवड्याभरात पालिकेच्या पुस्तिकेत छापून आलं की हे नाव पाचशे वर्षं जुनं आहे. साहेबांनी मामांना बोलावलं.

"पेंटर, तेवढी सही पुसा. इतक्या जुन्या नावाखाली जिवंत माणसाची सही बरी दिसत नाही."

मला संताप आला आणि फार वाईटही वाटलं. शिडी धरायला मी आणि मामी गेलो. "अहो, राहू द्या ना," मामी खालून म्हणाली. मामांनी निळा रंग कालवला आणि बगळ्याच्या पायाशी, बरोबर सहीवर, लांबट गोल फिरवला.

दुसऱ्या दिवशी साहेब बघायला आले. "हे निळं काय?"

"तळं," मामा म्हणाले. "बगळा कधीचा खोळंबलाय, साहेब."

साहेब बगळ्याकडे एकवार बघून गाडीत बसले, आणि तळं राहिलं. अजूनही वेशीवरून जाताना मामी शेजारच्या बाईला कोपराने ढोसते आणि पाटीकडे बोट दाखवते.

"आमचे हे तिथे आहेत. तळाशी."