वर्गात न बोलणारी मुलगी

फुलंब्रीहून सकाळची एसटी पकडून मी मुकुंदवाडीतल्या बालवाडीत शिकवायला येते, त्याला एकोणीस वर्षं झाली. मुलांचा मला कधी फारसा त्रास झाला नाही. जीव दमायचा तो पालकांना उत्तरं देऊन. डबा का उरला, शेजारणीच्या पोरीला आकडे येतात मग आमचीला का नाही, हे सगळं मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये आणि परत फाटकापाशीही. अलीकडे तर शाळा सुटताना मी कुणाच्या डोळ्यांत बघायचंच टाळत होते.

त्या वर्षी लहान गटात चार वर्षांची एक मुलगी आली. जूनपासून दिवाळीपर्यंत ती वर्गात एक अक्षर बोलली नाही. शू लागली तरी येऊन नुसता माझा पदर ओढायची. मी डायरीत तीनदा लिहिलं, ‘मुलगी बोलत नाही. घरी सराव घ्या.’ उत्तर आलं नाही. दिवाळीनंतर एका दुपारी तिची आई फाटकाशी आली आणि तीच डायरी तिनं माझ्यासमोर धरली.

“मॅडम, माझी पोरगी घरी लई बोलती. झोपेपर्यंत तोंड बंद नसतं तिचं. तुमच्याच इथं मुकी कशी होती?”

आजूबाजूला पालक उभे होते. माझं डोकं सकाळपासून ठणकत होतं.

“एवढं घरी बोलते, तर घरीच ठेवा मग,” मी म्हणाले.

तिनं डायरी मिटली. मुलीला कडेवर घेऊन निघून गेली. दुसऱ्या दिवसापासून मुलगी येईना.

आठवड्यानं मुख्याध्यापिका म्हणाल्या, “एकदा जाऊन या तिच्या घरी.” खरं सांगायचं तर माझ्या अंगात त्राण नव्हतं. तरी गेले. रेल्वे स्टेशनच्या मागं दोन खोल्या. आई दाराजवळ मशीनवर बसून साडीला फॉल लावत होती. तिनं पाणी दिलं, पण ‘बसा’ म्हणाली नाही. तेवढ्यात आतून आवाज आला.

“गप्प! हाताची घडी, तोंडावर बोट! कोण बोललं? मला आवाज नकोय!”

मी पडद्याआडून पाहिलं. दोऱ्याची रिकामी रिळं ओळीनं मांडून ती मुलगी त्यांच्यापुढं पट्टी घेऊन उभी होती. कपाळाला आठी. आठी माझीच होती, आवाजही माझाच, दमलेला आणि चिडका.

“रोज शाळा-शाळा खेळती,” आई म्हणाली. “मला वाटलं, तुम्हाला ठावं असंल.”

मी तिथंच उंबऱ्यावर बसले. “पहिल्याच दिवशी मी सांगितलं होतं, तोंडावर बोट. बाकीची मुलं पाच मिनिटांत विसरतात. हिनं ते खरं धरलं.”

आईनं हातातली साडी बाजूला ठेवली. मग आई हळूच म्हणाली, “डायरीत मी उत्तर नाय दिलं. माझं अक्षर लई वाईट हाय. वाटलं, तुम्ही हसताल.”

“त्या दिवशी माझं चुकलं.”

“व्हय. लागलं मला ते.”

तिनं ‘जाऊ द्या’ म्हटलं नाही, याचं मला बरंच वाटलं.

डायरी आम्ही बंद केली. जे असेल ते समोरासमोर बोलायचं ठरलं. मुलगी परत येऊ लागली आणि सकाळी अर्धा तास तिची आई हातातलं शिवण घेऊन वर्गात येऊन बसू लागली. मीही आवाज खाली आणायचा प्रयत्न केला. काही दिवस जमलं, काही दिवस नाही. दुसऱ्या आठवड्यात मुलगी आईला म्हणाली, “बाईंना सांग, मला लाल खडू पायजे.”

“तूच सांग की,” आई सुईवरची नजर न काढता म्हणाली.

मुलीनं माझ्याकडं बघितलं आणि अगदी बारीक आवाजात खडू मागितला. मी तो दिला. टाळ्या वाजवल्या नाहीत, ती बिचकली असती. संक्रांतीपर्यंत ती इतकी बोलायला लागली की तिची जागा बदलावी लागली.

थकवा गेला असं नाही. ग्रुपवर तक्रारी येतातच. पुढच्या पालकसभेत एक नवी आई दाराशी घुटमळत होती. त्या न बोलणाऱ्या मुलीच्या आईनंच तिला पुढं ढकललं. “विचारा की बाईंना. चिडल्या तरी ऐकून घेत्यात.”

हे ऐकून हसावं की काय करावं, मला कळेना. पाय भरून आले होते. मी त्या नव्या आईसाठी खुर्ची ओढली आणि म्हणाले, “आधी मला सांगा, घरी कशी असते तुमची मुलगी?”