पाखरांचा घास कचऱ्यात

शांताबाई, गुडघा कसा आहे? दामूभाऊ, खोकला गेला काय? सविता बेटी, बाळाचा ताप उतरला ना? माझं डोकं मात्र सकाळपासून तापून राहिलं आहे, म्हणून तुम्हा सगळ्यांना हे लिहून राहिलो.

तिरोड्याजवळची आपली बंद पडलेली राइस मिल आता पक्षी उद्यान झाली. तिथं मी उभ्या जन्मात धान उकडलं. म्हणून आज नव्या धानाच्या लोंब्यांची जुडी घेऊन गेलो. पाखरांसाठी ती दारावर टांगायची आपली रीतच आहे.

फाटकावर चौकीदारानं अडवलं. "काकाजी, बाहर का खाना मना है."

"अरे बाबू, हे मी खाणार काय? पाखरांचं आहे!"

"नियम मतलब नियम." अन् जुडी थेट कचऱ्याच्या डब्यात!

आत मात्र लोक तिथल्याच ठेल्यावरचे चिप्स बदकांना खुशाल चारून राहिले होते.

मी जुडी डब्यातून काढली, धोतरानं पुसली आणि त्याच फाटकाच्या सळईला बांधली. "आता काढून दाखव!" म्हटलं. तेवढ्यात चिमण्या उतरल्या. जुडी काढायला चौकीदाराचा हात वर गेला अन् तसाच खाली आला.

ज्यांच्या नावानं उद्यान, त्यांचाच घास कचरा काऊन? रविवारी तुम्हीही एकेक जुडी घेऊन येता काय? लवकर लिहा, वाट पाहून राहिलो.